भल्या नवऱ्यांची पुस्तके

बालविवाहाचा विषय निघाला की मराठी वाचकापुढे प्रथम उभी राहते ती देवलांची शारदा. ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले; त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली. तरीही पंच्याहत्तरीचा भुजंगनाथ, द्रव्यलोभाने आंधळा झालेला कांचनभट आणि दोघांमध्ये दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित ही नावे घेतली, की नाटक न पाहिलेल्यालाही कथा आठवते. जरठकुमारी विवाहाला या एका नाटकाने दिलेली चपराक शंभर व्याख्यानांना देता आली नसती, हे आम्हांला मान्य आहे. परंतु अलीकडे हे नाटक पुन्हा वाचताना आम्ही एका जागी थबकलो. शारदेचे ते लग्न अखेर मोडते कशामुळे? वधू आणि वर सगोत्र आहेत, म्हणून! वर म्हातारा आहे हे सर्वांना दिसते आहे, वधूला तो नको आहे हे सर्व जण ऐकत आहेत. आणि तरीही लग्न थांबवायला शास्त्रातली अडचण शोधावी लागते. शारदेचा नकार नाटकभर पदांमधून ऐकू येतो. लग्न मोडायला तो पुरत नाही, गोत्र लागते.

देवलांना हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? कदाचित त्यांना ते फार चांगले कळत होते, आणि आपल्या प्रेक्षकाला काय पटेल हेही. म्हणून त्यांनी भुजंगनाथाला दूर केले, तरुण आणि सुविद्य कोदंडाला पुढे आणले, आणि प्रेक्षक समाधानाने घरी गेला. आमचा मुद्दा देवलांच्या विरुद्ध नाही. त्या समाधानाविषयी आम्हांला थोडे बोलायचे आहे.

सुधारणेच्या काळातील मराठी साहित्य या दृष्टीने चाळले, तर त्यात बालविवाहाची दुष्टता दोनच प्रकारे दाखवलेली आढळते. एक, नवरा म्हातारा असतो. दुसरा, नवरा मरतो. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी एका ख्रिस्ती लेखकाच्या लेखणीतून उतरली याचा आपल्याला रास्त अभिमान वाटतो. तिचा विषय विधवांची दुःस्थिती हा आहे. यमुनेचा पती विनायक सुशील आहे, आणि तो वारेपर्यंत तिच्या स्वतःच्या विवाहात दुःख असे नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आली. तिच्यातील यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते, आणि त्या बोलीचा ताजेपणा आजही मावळलेला नाही. यमूचे लग्न लहानपणी होते, पण रघुनाथराव हा नवरा लाखात एक. तो तिला शिकवतो, मुंबईस नेतो, बरोबरीने वागवतो. तो गेल्यावर शंकरमामंजी तिचे बळजबरीने केशवपन करवतात, आणि वाचकाचा सारा संताप त्या एका माणसावर एकवटतो. दुर्गीचा उनाड नवरा मध्ये मध्ये डोकावतो खरा, तथापि पुस्तकाचा तोल वैधव्यावर आहे. यमूचा विवाह हा त्या कादंबरीतला सुखाचा भाग आहे.

याचे कारण समजण्यासारखे आहे. विधवांचे हाल डोळ्यांसमोर होते, आणि सनातन्यांशी वाद घालायचा तर टोकाचे उदाहरण हाती असलेले बरे. पण त्यामुळे एक प्रश्न मागे राहिला. नवरा तरुण आहे, जिवंत आहे, सज्जन आहे, विद्वान आहे, पत्नीवर माया करणारा आहे. मग अकरा वर्षांच्या मुलीचे लग्न झाले तर बिघडले काय?

या प्रश्नाला सर्वांत थोडक्यात आणि सर्वांत करडे उत्तर दिले ते पंडिता रमाबाईंनी, तेही मराठीत नव्हे. अमेरिकेत असताना १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी इंग्रजीत जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात एक प्रसंग आहे. एक कुटुंब तीर्थयात्रेला निघालेले. बरोबर नऊ आणि सात वर्षांच्या दोन मुली. वाटेत गोदावरीकाठच्या एका गावी मुक्काम पडतो. सकाळी वडील नदीवर स्नान करीत असता तिथे एक देखणा परका गृहस्थ येतो. स्नानसंध्या आटोपल्यावर चौकशी होते: कोण, कुठले, कुळ काय. गृहस्थ विधुर आहे असे कळते. तासाभरात थोरलीचे लग्न ठरते, दुसऱ्या दिवशी लागते, आणि नऊ वर्षांची ती मुलगी जवळजवळ नऊशे मैल दूर निघून जाते. वडील लगेच पुढच्या तीर्थाला चालू लागतात. ही मुलगी म्हणजे रमाबाईंची आई लक्ष्मीबाई, आणि तो परका गृहस्थ म्हणजे त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे.

आपल्या वडिलांविषयी रमाबाईंच्या मनात किती आदर होता हे आपण जाणतो. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल ज्यांनी समाजाचा रोष पत्करला, ते हे अनंतशास्त्री. रमाबाईही नमूद करतात की मुलगी सुदैवाने चांगल्या हाती पडली, अपेक्षेबाहेर मायेने सांभाळली गेली. पण त्या तिथे थांबत नाहीत. मुलीचे पुढे काय होईल याची फिकीर न करणाऱ्या त्या बापाचे वर्तन त्यामुळे कमी दोषास्पद ठरत नाही, असा त्या निवाडा देतात. सुदैव वेगळे, दोष वेगळा. नवऱ्याचा भलेपणा हा पुढे उघडलेला निकाल. मुलीला न विचारणे हे आधीच होऊन गेलेले कृत्य. स्वतःच्या आईबापांच्या सुखी संसाराकडे पाहून हे लिहिणे सोपे नसावे. आम्ही हा उतारा हाती मोजपट्टी म्हणून घेतला आणि तिच्यासह मराठीतील काही प्रिय पुस्तकांकडे पुन्हा वळलो. ही भल्या नवऱ्यांची पुस्तके आहेत.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० मध्ये निघाले. माधवराव रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये प्रथम पत्नी वारली तेव्हा त्यांचे वय एकतीस. मित्रांची अपेक्षा अशी, की आता ते विधवेशी लग्न करून उदाहरण घालून देतील. हीच वडिलांची भीती. त्यांनी घाईघाईने अकरा वर्षांची मुलगी पसंत केली, आणि मुलाला वडिलांचा शब्द मोडवला नाही. पितापुत्रांमधला हा संघर्ष रमाबाईंनी मोठ्या तपशिलाने सांगितला आहे. वाचकाचे मन रानड्यांसाठी तळमळते: तत्त्व एकीकडे, पितृभक्ती दुसरीकडे! त्या ओढाताणीत एक तिसरी व्यक्तीही आहे आणि तीच पुढे हे पुस्तक लिहिणार आहे, हे ध्यानातच राहत नाही. आपल्याच लग्नाच्या हकिगतीत रमाबाईंनी स्वतःला दारामागे उभे केले आहे. पुस्तकाच्या नावातील ‘आमच्या’ हा शब्द आम्हांला पूर्वी विनयाचा वाटे. आता वाटते की एकवचनी ‘माझ्या’ म्हणायला लागणारी जागा त्यांना अकराव्या वर्षापासून कधी मिळालीच नाही. पुण्याचे सेवासदन उभारणाऱ्या त्या कर्त्या बाईंना ती पुढे कामातून मिळाली, लेखनातून नव्हे.

आनंदीबाई जोशी यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यांची कथा १९६८ च्या श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीमुळे आणि २०१९ च्या चित्रपटामुळे घरोघर पोचली आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेले; १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून वैद्यकीची पदवी; फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस पूर्ण होण्याआधी, पुण्यात मृत्यू. कादंबरीच्या नावात दोन नावे शेजारी आहेत, आणि वाचकाचे प्रेम हळूहळू गोपाळरावांच्या विक्षिप्त जिद्दीवर जडते. ते शिकवण्यासाठी मारीत हे आपण कौतुकाच्या सुरात सांगतो. स्वतः आनंदीबाईंनी अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात लहानपणच्या त्या माराची आणि टाकून जाण्याच्या धाकाची आठवण दिली आहे, तिचा सूर कौतुकाचा नाही. आभार मानते आहे आणि विसरलेली नाही, असे ते पत्र आहे. असे पत्र लिहायला तिला सातासमुद्रापार जावे लागले.

आता ‘स्मृतिचित्रे’. आपल्या कुटुंबांतून हे पुस्तक नसेल तर निदान त्यातले उतारे तरी ठाऊक असतात. पाठ्यपुस्तकांनी ते पिढ्यान् पिढ्या पोचवले. लक्ष्मीबाई टिळक प्रॉटेस्टंट पंथाच्या, आपण कॅथलिक. तरी मराठी ख्रिस्ती माणसाला हे पुस्तक आपल्या घरचे वाटते, आणि तसे वाटावे असाच त्याचा जिव्हाळा आहे. १९३४ पासून चार भागांत ते आले आणि मराठी गद्याला त्याने एक नवा श्वास दिला. लहान वाक्ये, घरगुती शब्द, स्वतःवर हसण्याची तयारी, आणि रडण्याच्या जागी एखादी कोटी करून पुढे जाणे. टिळकांचा लहरीपणा, त्यांचे न सांगता घर सोडून जाणे, हातचे देऊन टाकणे, कवितेच्या नादात जगाचा विसर पडणे हे सारे लक्ष्मीबाई अशा खुमासदारपणे सांगतात, की वाचक पोट धरून हसतो. समीक्षकांनी या विनोदाची पुष्कळ वाखाणणी केली आहे. आम्हांला विचारायचे आहे ते एवढेच, की हा विनोद काय काम करतो?

जलालपूरच्या मनू गोखलेचे लग्न अकराव्या वर्षी झाले. माहेरी वडिलांना सोवळ्याचे वेड. त्या घरात पोराबाळांनी कसे दिवस काढले याची वर्णने ‘स्मृतिचित्रे’त आहेत, हसवणारी आणि अंगावर काटा आणणारी. तिथून ती सासरी गेली, जिथे सासऱ्यांचा स्वभाव कडक आणि नवरा स्वतःच घरापासून तुटलेला, भटका, कामधंद्याला न टिकणारा. नवे नाव मिळाले, लक्ष्मी. लिहिण्या-वाचण्याशी ओळख झाली ती लग्नानंतर. दत्तूच्या आधीची मुले हाती लागली नाहीत. हे सगळे पुस्तकात आहे, पण पाठोपाठ हशा येतो आणि आपण हशा लक्षात ठेवतो. ज्या मुलीला रागावण्याचा हक्क कुणी दिला नाही, तिला हसण्याचा मात्र होता. तिने तो पुरेपूर वापरला. ‘स्मृतिचित्रे’तील विनोद हा एका बालवधूने जन्मभर बाळगलेला हत्यारबंद शहाणपणा आहे, असे आमचे मत झाले आहे. त्याला नुसते प्रसन्न म्हणणे अपुरे वाटते.

टिळक दुष्ट नव्हते. हे वारंवार सांगावे लागते, कारण प्रश्न त्यांच्या दुष्टपणाचा नाहीच. फुलामुलांचा हा कवी स्त्रियांविषयी कनवाळू होता, पत्नीवर त्याचे अलोट प्रेम होते. तरीही फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नीला विश्वासात घेतले नव्हते. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहान दत्तू, नातेवाइकांच्या आश्रयाने पंढरपूरला काढलेले दिवस, लोकांची बोलणी, शरीर खंगलेले. आपल्या परंपरेतील वाचक हा भाग टिळकांच्या श्रद्धेच्या धैर्याचा म्हणून वाचतो. आम्हीही तसाच वाचत आलो, आणि ते धैर्य खरेच आहे. पण ज्या माणसाला वाटते की आपल्या आत्म्याचा निर्णय आपला आपण घ्यावा, त्याला पत्नीलाही असा निर्णय असू शकतो हे सुचू नये, याचे मूळ कुठे असावे? ज्या मुलीला पहिल्या दिवशी काही विचारले गेले नाही, तिला पुढेही न विचारण्याची सवय घराला, समाजाला आणि सज्जन नवऱ्यालाही जडते. बालविवाहाचा परिणाम लग्नाच्या वर्षापुरता नसतो तो असा.

यानंतर पुस्तकात जे घडते ते आमच्या मते मराठी साहित्यातील एक अपूर्व गोष्ट आहे, आणि ती पुरेशी बोलली गेलेली नाही. लक्ष्मीबाई ताबडतोब पतीच्या मागे जात नाहीत. पुढे त्या नगरला येतात, पण सोवळे सोडत नाहीत, चूल वेगळी ठेवतात, वाद घालतात, निरखतात, दुसऱ्याच्या हातच्या पाण्याचा प्रश्न स्वतःशी घोळवतात. जातिभेद माणसांनी केला, देवाने नाही, हे त्यांना कुणाच्या उपदेशाने पटत नाही. एके दिवशी ते आतून पटते. मग बाप्तिस्मा, १९०० साली. लग्न दिवसभरात लागले होते. या होकाराला पाच वर्षे लागली. तिशी ओलांडलेल्या या बाईने आयुष्यात प्रथमच कशाला तरी स्वतः ‘हो’ म्हटले. आणि टिळकांचे मोठेपण मान्य करायचे तर ते इथे करावे: यावेळी ते थांबले. त्यांनी वाट पाहिली.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’त लग्ने दोन आहेत, एकाच पुरुषाशी. पहिले मनू गोखलेचे, ज्यात तिचा काही संबंध नव्हता. दुसरे लक्ष्मीबाईंचे, ज्याला मांडव नव्हता, मुहूर्त नव्हता. ते त्यांनी विचार करून, पारखून, आपल्या पायांनी चालत जाऊन केले. त्यानंतरचे टिळक दांपत्य, बालकवींसारख्या पोरक्या जिवाला आसरा देणारे ते घर, टिळकांच्या मागे ‘ख्रिस्तायन’ पुरे करायला बसलेल्या लक्ष्मीबाई, हे सारे दुसऱ्या लग्नाचे फळ आहे. त्याचे श्रेय पहिल्याला देण्याची चूक आपले वाचक करतात, आणि मग म्हणतात की पाहा, बालविवाह होऊनही संसार कसा सोन्याचा झाला.

हे वाचन केवळ हिंदू घरांतील चालीरीतींकडे बोट दाखवण्यासाठी नाही. आपलेही एक कपाट आहे, आणि त्यात संत ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ आहे. सेमिनरीत आम्हांला ते शिकवले गेले. त्याच्या सहाव्या खंडात, मिलान शहरी, संत मोनिका मुलाच्या लग्नाची खटपट करतात. मुलगी पसंत पडते, पण कायद्याने लग्नाला योग्य होण्यास तिला आणखी जवळजवळ दोन वर्षे हवी असतात. रोमन कायद्यात मुलीचे वय बारा होते, म्हणजे ही मुलगी दहा वर्षांची. ऑगस्टीन तिशीत. त्या प्रकरणावर कितीतरी प्रवचने झाली: त्यांच्या वासनेशी चाललेल्या झुंजीवर, ज्या स्त्रीला घरातून परत पाठवले तिच्या एकनिष्ठेवर, मोनिकेच्या अश्रूंवर. त्या दहा वर्षांच्या मुलीवर आमच्या ऐकण्यात एकही नाही. तिचे नाव संतांनी लिहिलेले नाही. पुढे ऑगस्टीननी विवाहाचा विचारच सोडला आणि ३८७ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ती मुलगी पुस्तकातून नाहीशी होते. ज्या ग्रंथात एका माणसाने आपल्या अंतःकरणाचा कोपरान् कोपरा उजेडात धरला, त्यात तिच्या मनाला एक ओळ नाही. ग्रंथाची थोरवी यामुळे उणावत नाही. पण थोर माणसाच्या नजरेतूनही काय निसटते, हे त्यातून कळते.

आणि कायदा? १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा पहिल्यांदा झाला तेव्हा एतद्देशीय ख्रिस्ती वधूचे वय तेरा वर्षांहून अधिक असले की पुरे होते. चर्चच्या कॅनन लॉमध्ये १९१७ पर्यंत बारा वर्षे होती; १९८३ च्या संहितेत आजही वधूसाठी चौदा हा आकडा आहे, अर्थात त्याहून वरचे वय ठरवण्याची मोकळीक प्रत्येक देशाच्या धर्माध्यक्षांना आहे आणि नागरी कायद्याला न जुमानता लग्न लावण्यास मनाई आहे. त्याच संहितेत असेही म्हटले आहे की विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने, आणि ती संमती त्यांच्या वतीने दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही. हे दोन नियम एकाच ग्रंथात काही पानांच्या अंतराने नांदत आहेत. चौदा वर्षांच्या मुलीची संमती म्हणजे काय, हे सांगण्याचे काम धर्मशास्त्राच्या आमच्या प्राध्यापकांनी आमच्यावर सोडले होते.

नकाराची गोष्ट मराठी मुलुखात एकदा मोठ्याने बोलली गेली. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झाले होते; वयात आल्यावर त्यांनी त्याच्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. दादाजीने फिर्याद केली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये आज्ञा झाली की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथे आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली. इथे समीक्षकाला एक गोष्ट टोचते. ज्यांनी नाइलाजाने सोसले त्यांची पुस्तके मराठीत आहेत, गोड आहेत, आपण ती पुरस्कार म्हणून शाळेत वाटतो. जिने स्पष्ट नाही म्हटले, तिचे म्हणणे इंग्रजी वृत्तपत्राला टोपणनावाने लिहिलेल्या पत्रांत आणि कोर्टाच्या कागदांत राहिले. आपल्या भाषेने सोशिकपणाला घर दिले आणि नकाराला अर्जनविसाकडे पाठवले.

हा नकार पुस्तकरूपाने जगाला भेटला तो सव्वाशे वर्षांनी, दुसऱ्याच देशातून. एप्रिल २००८ मध्ये येमेनची राजधानी साना येथे नुजूद नावाची दहा वर्षांची मुलगी एकटी टॅक्सीने कोर्टात गेली आणि न्यायाधीशाला म्हणाली, मला घटस्फोट हवा. नवरा तिशीचा होता. शादा नासर या वकीलबाईंनी तिची बाजू घेतली आणि तिला घटस्फोट मिळाला. पुढल्या वर्षी देल्फीन मिनुई या पत्रकार स्त्रीच्या साहाय्याने तिचे आत्मकथन फ्रेंचमध्ये निघाले आणि अनेक भाषांत गेले. साहित्य म्हणून ते लक्ष्मीबाईंच्या जवळपासही नाही. मोठ्या माणसाने नीटनेटकी केलेली भाषा जागोजाग जाणवते, आणि पाश्चात्त्य वाचकाला रुचेल अशी पूर्वेची चित्रे त्यात भरपूर आहेत. तरी एका बाबतीत हे पुस्तक आपल्या सर्व अभिजात पुस्तकांच्या पुढे आहे: नवरा कसा होता यावर त्याचा न्याय अडून राहत नाही. मुलगी दहा वर्षांची आहे, हे त्याच्या नावातच लिहिले आहे.

युनिसेफच्या २०२३ च्या अंदाजानुसार आज हयात असलेल्या सुमारे ६४ कोटी स्त्रिया व मुलींची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाली; त्यांतील जवळपास एक तृतीयांश भारतात आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले, आणि बीड-परभणीकडे त्याच्या दुप्पट. कोवळ्या वयातील बाळंतपण हे पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींच्या मृत्यूचे जगातील एक प्रमुख कारण आहे. बीडकडचे ऊसतोड कामगार सहा महिने कारखान्यावर जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलगी मागे एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर, आणि लग्न केले तर एक कोयता वाढतो. तिथे भुजंगनाथ नाही. नवरा एकोणीस-वीस वर्षांचा, कष्टाळू, बहुधा निर्व्यसनी पोरगा असतो. आईबापांना विचारले तर ते सांगतील, स्थळ चांगले होते. तेही खोटे बोलत नसतात, गोदावरीकाठच्या त्या वडिलांप्रमाणेच.

‘स्थळ चांगले आहे’ हे वाक्य आपल्या धर्मग्रामांतही ऐकू येते. आपल्या मुली आज तेराव्या वर्षी बोहल्यावर चढत नाहीत, याबद्दल देवाचे आभार. पण पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीसाठी आखातातले किंवा परदेशी बोटीवरचे स्थळ येते, वडील तारीख धरायला आमच्याकडे येतात, आणि वधूला आम्ही प्रथम पाहतो ते लग्नाच्या चौकशीच्या दिवशी. विवाहापूर्वी वधूला एकटीला बसवून प्रश्न विचारण्याची रीत आहे, आणि वडील बाहेरच्या बाकावर बसलेले असतात. ‘तू स्वखुशीने आलीस ना?’ असे विचारल्यावर ‘हो फादर’ हे उत्तर फार लवकर येते. मुलगा चांगलाच असतो. ते आम्ही आधीच विचारून घेतलेले असते.

वाचक मंडळ चालवणाऱ्या आपल्या भगिनींनी या हिवाळ्यात कोणते पुस्तक घ्यावे असे विचारले आहे. ‘स्मृतिचित्रे’ घ्यावे, पण निवडक उतारे नकोत, सबंध पुस्तक घ्यावे. वाचताना पंढरपूर ते नगर हा भाग घाईने उलटू नये. तिथे विनोद कमी आहे. आणि कुणाजवळ पंडिता रमाबाईंच्या त्या इंग्रजी पुस्तकाची प्रत असेल, तर गोदावरीच्या स्नानाचा परिच्छेद मराठीत सांगून मंडळाची सुरुवात करावी. पाच मिनिटे लागतात.